आईच्या प्रार्थनेचं उत्तर

धाकटीनं पहिलंवहिलं नाटक लिहिलं आणि दोन्हीकडून बोलणी खायची सोय करून ठेवली. नाटक आईवर होतं. त्यात आईची संध्याकाळची प्रार्थना होती, घरातल्याच बोलीत, आणि आईचं काम धाकटी स्वतः करणार होती.

त्यांच्या लोकांत प्रार्थना बाई म्हणते, भिंतीकडे तोंड करून. शेवटी ती विचारते, "दाराशी कोण आहे?" मागून घरच्या पुरुषानं म्हणायचं, "आम्ही आहोत." त्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही. धाकटीचे वडील गेले आणि पोटासाठी आईनं नाटकवाल्यांचे कपडे शिवायला घेतले. थोरले काका प्रार्थनाघराचे प्रमुख. त्यांनी फर्मान काढलं, या बाईला कुणी उत्तर द्यायचं नाही. काका भिंतीपलीकडेच राहायचे, शब्द न् शब्द ऐकू जायचा. आई मरेपर्यंत रोज विचारत राहिली. विचारून जरा थांबायची आणि मग स्वयंपाकाला लागायची.

तालमीत मास्तरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, नाक मुरडलं.

"प्रेक्षकांकडे पाठ करून कसली प्रार्थना? तोंड इकडे कर. मागे ढोल ठेवू, अंगात आल्यासारखी घूम जरा. लोकांना काहीतरी दिसायला नको का?"

"आईच्या अंगात कधी काही आलं नाही, मास्तर. ताप असायचा, तोही तिनं कुणाला सांगितला नाही. ढोल हवा असेल तर दुसरी नटी बघा."

मास्तर स्वतःशीच पुटपुटले, पण ढोल परत गेला.

काकांचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. ते थेट कपडेपटात आले, आई जिथं शिवायला बसायची त्याच खोलीत. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"घरची लक्तरं वेशीवर टांगायला निघालीस," ते म्हणाले. "प्रार्थना काढून टाक. नाहीतर शेवटी उत्तर तरी घाल. परक्यांना वाटेल, आपल्यात माणुसकीच नाही."

"वाटू दे. जे झालं तेच दाखवणार."

"मग तू आमच्यातली उरणार नाहीस."

"बोली काय तुमच्या एकट्याची आहे, काका? मला आईनं दिलीय. ती काढून घेणं तुमच्या हातात नाही."

काका तरातरा निघून गेले. पण शब्द तिनं मागे घेतला नाही.

पहिल्या प्रयोगाला काका आपली माणसं घेऊन पहिल्या रांगेत बसले. प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांनी मिळून उठून जायचं, असा बेत. पण प्रार्थना चालू असताना जागचं हलायचं नाही, हा नियमही काकांनीच घालून दिलेला. धाकटीनं भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली आणि सगळे आपल्याच दोरीत अडकून बसून राहिले.

"दाराशी कोण आहे?" तिनं विचारलं. आई थांबायची तेवढीच थांबली. मग स्वतःच म्हणाली, "कुणी नाही."

काका म्हणजे दुसऱ्यांच्या प्रार्थना दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. ही चूक त्यांना सोसवली नाही.

"आम्ही आहोत," काकांच्या तोंडून निघून गेलं, चांगलं खणखणीत.

लोकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. कुणी डोळे पुसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी वळली. शेजारचा माणूस काकांचा हात हातात घेऊन दाबत होता आणि काका तो दाबू देत होते, चेहऱ्यावर चक्क समाधान. तिच्या अंगाची लाही लाही झाली. आईनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते हा माणूस टाळ्या घेऊन फुकटात उरकत होता.

तिनं हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"हे गृहस्थ या नाटकात नाहीत," ती म्हणाली. "आणि माझी आई विचारत होती, तेव्हा भिंतीपलीकडे जेवत होते."

मग तिनं पडदा पाडायला सांगितला.