जुना नंबर घरीच

"याले बंदच ठेवा, नाना. मस्कतमा हाऊ नंबर चालू ठेवात तं नुसता फोन उचलाना बी पैसा पडतीन," पाचोऱ्याच्या मोबाइल दुकानातला हितेंद्र म्हणाला.

रुपचंद नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. मस्कतला मुलाकडे पंधरा दिवस नातू पाहायला निघाले होते. हितेंद्रने त्यांना प्रवासाचं स्वस्त सिमकार्ड दिलं, व्हिडिओ कॉल दोनदा शिकवला. नानांना सगळं समजलं. अडचण बेबाबाईंची होती.

त्यांच्या बायकोला, बेबाबाईंना, हल्ली काही आठवत नसे. सकाळचा चहा, मुलाचं गाव, सगळं धुक्यात गेलं होतं. नानांचा दहा आकडी नंबर तेवढा बोटांना पाठ होता. नाना दळण आणायला गेले तरी त्या फोन करत आणि उचलला नाही की अनवाणी रस्त्यावर येत. दिवसातून वीस वेळा. जुनं सिम सोबत नेलं असतं तर नानांची पेन्शन मस्कतलाच राहिली असती.

मग नानांनी शक्कल लढवली, आणि एवढ्या हुशार माणसाची चूक तिथेच झाली. जुनं सिम जुन्या फोनमध्ये घालून तो त्यांनी धुळ्याहून राहायला आलेल्या मुलीला, हेमलताला दिला. आईचा फोन आला की तिनेच आतल्या खोलीतून उचलायचा आणि नाना बाजारात गेलेत म्हणायचं.

चार दिवस निभावलं. पाचव्या दुपारी हेमलता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली घर उन्हात पेंगत होतं. बेबाबाईंनी आकडे दाबले आणि आतल्या खोलीत घंटी वाजली. कुणाचा तरी फोन आला म्हणून त्या उठल्या, आपला फोन कानाला तसाच धरून आत गेल्या आणि दुसऱ्या हाताने तिथला वाजणारा फोन उचलला.

घंटी ऐकून हेमलता जिन्यात आली, तेव्हा आई नानांबद्दल हळू आवाजात सांगत होती.

"त्या घर नहीत, बाई. तू कोण शे?"

तेच शब्द, किंचित मागे राहून, दोन्ही कानांत परत आले. बेबाबाईंनी ते लक्ष देऊन ऐकले.

"एकलीच शे का तू? घाबरू नको. त्या येतीन. सांगाशिवाय त्या कोठेच जातस नहीत."

फोन काढून घ्यावेत असं हेमलताला वाटलं, पण आईच्या चेहऱ्यावर एवढी माया तिने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. ती पायरीवरच बसली.

एकट्या बाईचा फोन आपण आधी कसा कापायचा, म्हणून दोन्ही कानांना दोन फोन लावून, पलीकडच्या बाईने ठेवण्याची वाट पाहत बेबाबाई उभ्या राहिल्या.