काळ्या फोटोतलं घुबड

फोटो काळाकुट्ट होता. नीट निरखलं तर एका कोपऱ्यात काळ्याहून किंचित कमी काळं असं काहीतरी होतं, आणि त्या काहीतरीवर तिच्या नवऱ्याची आठ वर्षांची इभ्रत उभी होती.

आठ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, तलावामागच्या झाडीत, त्याला मोठ्या कानांचं घुबड दिसलं. त्या भागात साठ वर्षांत ते कुणाला दिसलं नव्हतं. जावयाने दिलेल्या कॅमेऱ्यात त्याने कसाबसा एक फोटो काढला आणि घरी न येता थेट पक्षिमंडळात जाऊन नोंदवहीत नोंद केली. पुढच्या दोन महिन्यांत आणखी पाच जणांना त्याच फांदीवर तेच घुबड दिसलं. त्यात पहिला नंबर अर्थातच मंडळाच्या चिटणिसांचा. मग घुबड मंडळाच्या शिक्क्यावर आलं, टोप्यांवर आलं, आणि टपाल कचेरीतून निवृत्त झालेला एक अबोल कारकून सगळ्यांचा घुबडकाका झाला.

आता मंडळाला पंचवीस वर्षं होत होती आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तोच फोटो हवा होता.

"वहिनी, फोटो रॉ आहे म्हणे," चिटणीस फोनवर म्हणाले. "त्यातून लपलेलं सगळं बाहेर काढता येतं. तुम्ही तो फोटो सुधारायचा क्लास लावलाय ना? काढा आमच्या घुबडाला बाहेर. रविवारी बैठकीत पडद्यावर दाखवू."

"राहू दे ना," नवरा म्हणाला. "अंधारातला पक्षी अंधारातच शोभतो."

"अहो, लोक म्हणतील, नुसती शाई छापलीय," ती नवऱ्याला म्हणाली.

तिने एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी मोजल्या होत्या. दोनदा मोजल्याशिवाय कधी सही केली नव्हती. वाचनालयातल्या क्लासमधली शिकवणारी मुलगी तिच्या लेकीहून लहान होती, पण सांगायची नेमकं. "काकू, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं, काही न निवडता. अंधारात काहीच नसतं असं नाही, ते दबलेलं असतं. आणि बिनधास्त करा. मूळ फाइलला धक्का लागत नाही. तुम्ही केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहिले जातात. चिठ्ठी समजा."

नमुना आणि त्याची चिठ्ठी. हे तिला एकदम पटलं.

मंगळवारी सकाळी नवरा फिरायला गेल्यावर तिने पडदे ओढले आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आधी उजेड दोन पायऱ्या वाढवला. काळ्याचा करडा झाला आणि त्यावर खसखशीएवढे रंगीत ठिपके उठले. मग फक्त सावल्या उचलल्या, ठिपके दाबले, निळसर झाक काढली. फांदी आली. फांदीवर दोन टोकदार कान आले. त्यांच्याखाली दोन गोल, वटारलेले डोळे. खरंच होतं की!

सवयीप्रमाणे तिने दुसऱ्यांदा पाहिलं. कोपरा कापून मोठा केला. कान म्हणजे काटकीत अडकलेले पिशवीचे दोन बंद होते. डोळे म्हणजे पिशवीवर छापलेलं चौकातल्या चष्मेवाल्याचं चिन्ह, दोन गोल भिंगं आणि मध्ये दांडी. चष्मेवाला ती कापडी पिशवी प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा. अशी एक त्यांच्याही बाल्कनीत टांगलेली होती, कपड्यांचे चिमटे ठेवायला.

म्हणजे नवरा खोटं बोलला नव्हता. त्याने डोळे पाहिले होते, एवढंच की ते चष्म्याचे होते. पण ही बारीक गोष्ट मंडळाला कोण समजावणार?

तिने वेगळा काढून ठेवलेला उजळ फोटो पुसून टाकला. काळी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घातली. शेजारची चिठ्ठीही घातली. का, असा प्रश्न तिला पडलाच नाही. चिठ्ठीशिवाय नमुना तिने आजवर कुठे धाडला होता?

"काही निघालं नाही हो," तिने नवऱ्याला सांगितलं. आयुष्यातला पहिला खोटा रिपोर्ट. "फारच अंधार होता."

"नाहीच निघायचं," तो म्हणाला, आणि खुशीत येऊन स्वतः चहा टाकायला गेला.

रविवारी चिटणिसांनी फाइल उघडली. प्रोग्रॅमने इमानदारीत शेजारची चिठ्ठी वाचली आणि कापलेला, उजळलेला, ठिपके पुसलेला कोपरा भिंतभर पसरला. बंद, भिंगं, दांडी. दुकानाच्या नावातली दोन अक्षरंसुद्धा.

नवरा बुटांकडे पाहत होता.

नोंदवहीत नोंद असलेले पाचही जण पुढच्याच रांगेत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"वा!" शेवटी चिटणीस म्हणाले. "कान बघा, कान!"

"अगदी असंच बघत होतं माझ्याकडे," दुसरा म्हणाला.

"वहिनी, कमाल केलीत. डोळ्यांत काय तेज आहे!"

टाळ्या पडल्या. मुखपृष्ठ एकमताने मंजूर झालं. अक्षरांवर मंडळाचा शिक्का मारायचं ठरलं.

घरी परतताना नवरा म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. चुकलं माझं. ती चिठ्ठी..."

"मला फोटो काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. पुन्हा बघायला गेलो होतो. पिशवी काढून घरी आणली. तिच्यातच तू चिमटे ठेवतेस."

ती रस्त्यातच थांबली. "म्हणजे त्यानंतर फांदीवर काहीच नव्हतं?"

"काही नाही."

"आणि चिटणिसांची नोंद?"

"खरं सांगायचा धीर करायला मला अकरा दिवस लागले. गेलो, तर त्यांनीच माझी पाठ थोपटली. म्हणाले, काका, काल मलाही दिसलं. मग एकेक करत बाकीच्यांनाही दिसलं." तो जरा घुटमळला. "पाच जण पाहतात म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं, असेलही एखादं."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती कॅमेरा घेऊन एकटीच तलावामागे गेली. परतली तेव्हा नवरा दारातच उभा होता.

"काय दिसलं?"

"अंधार होता. दोन फोटो काढलेत."

"रॉ?"

"रॉ."

तो तिच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहत राहिला. "उघडणार आहेस का?"

"आधी चहा टाका," ती म्हणाली.