भिंतीतली ओल

आर्गिरिस ग्रीसमधल्या मोनेम्वासिया गावाच्या वेशीतून आत शिरला तो तब्बल पंचावन्न वर्षांनी. तो सतरा वर्षांचा असताना वडिलांनी घर विकून सगळ्यांना मेलबर्नला नेलं, तेव्हा निम्मं गाव ओस पडलं होतं. आता गल्लीगल्लीत जाईच्या कुंड्या आणि चाकांच्या बॅगांचा खडखडाट होता.

त्याच्या घराचं अतिथिगृह झालं होतं. मालकीण स्तामातिना दारातच शेंगा सोलत बसली होती.

"खोली नाही हो काका. एक आहे रिकामी, पण तिच्या भिंतीला ओल आहे."

"जिन्यालगतची ना? मी जन्मलो त्या खोलीत."

"उन्हाळ्यात इथे रोज कुणीतरी जन्मलेलं येतं," ती हसली. "बरं, जिन्याच्या पायऱ्या किती?"

"अकरा. नवव्या पायरीचा टवका उडालाय. आईच्या हातून उखळ निसटलं होतं."

स्तामातिनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली आणि त्याला आत घेऊन गेली.

त्या भिंतीला तीन गवंड्यांनी गिलावा केला होता. दर हिवाळ्यात तो पोपडे धरून गळून पडायचा. आर्गिरिसने भिंतीवर तळहात टेकवला आणि हळूहळू खाली सरकवत नेला.

"छपराचं पाणी या भिंतीतल्या मातीच्या नळीने खालच्या टाक्यात जायचं. बाबांनी नळी बुजवली. जिन्याखालचं टाक्याचं तोंडही."

"का पण?"

आर्गिरिसने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"फ्रोसो पडली त्यात. माझी धाकटी बहीण. चार वर्षांची होती. झाकण मी उघडं टाकलं होतं. बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

स्तामातिनाने आतून हातोडा आणि छिन्नी आणून त्याच्यापुढे ठेवली. जिन्याखालची फरशी दोघांनी मिळून उचलली, टाक्याच्या तोंडात भरलेले दगड एकेक करून बाहेर काढले. नळीच्या तोंडातला चुन्याचा गोळा फुटला तसं अडून राहिलेलं पाणी धो धो खाली कोसळलं. आर्गिरिस गुडघ्यांवर बसून ऐकत राहिला. आवाज थांबल्यावरही बराच वेळ उठला नाही. स्तामातिना त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"आज इथेच झोपा," ती शेवटी म्हणाली. "ओल सुकायला दिवस लागतील, पण जास्तीची घोंगडी देते."

"झोपतो. पण पोरी, हे तोंड असं उघडं ठेवायचं नाही. लोखंडी जाळी बसवायची."

"लोहाराला सकाळीच बोलावते."

"मापं मी देईन," आर्गिरिस म्हणाला.

जाळी बसायला चार दिवस लागले. तो चारही दिवस राहिला. पाचव्या दिवशी जाळीवर उभा राहून, पाय आपटून त्याने ती नीट पारखली आणि मगच बस पकडली.