वीतभर मागे

जिच्या हातातून उभ्या जन्मात एक मेंढी निसटली नाही, तिच्या हातातून साखरेची बरणी निसटली. स्टूल डुगडुगलं, बरणी एकीकडे गेली, बाई दुसरीकडे आणि मनगट तिसरीकडे. मेंढ्यांनी लाथा घातल्या, बोकडांनी ढुशा दिल्या, तेव्हा साध्या खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मोडायचं ते स्वयंपाकघरात मोडलं.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि वर सांगितलं की ते निघाल्यावरही या हाताने वजन पेलायचं नाही. "भाजीची पिशवी उचला, मेंढी नको," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले. ती हसली नाही.

तिला सगळे चिमटा म्हणत. वडिलांनी लहानपणी ठेवलेलं नाव, एकदा पकडलं की सोडत नाही म्हणून. माणसांच्या बाबतीतही ते काही खोटं नव्हतं. तिचा नवरा खूरवाला. लोक आपापल्या शेळ्या-मेंढ्या घेऊन घरामागच्या शेडमध्ये यायचे, तो त्यांचे वाढलेले खूर कापून द्यायचा, औषध पाजायचा, कानात बिल्ला बसवायचा. पण जनावर धरायला कोणी नसेल तर कात्री घेऊन माणूस काय हवा कापणार? धरण्याचं काम चिमट्याचं. मेंढीचं तोंड हळूच तिच्याच खांद्याकडे वळवायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, की मेंढी आपल्या वजनाने खाली येते. मग तिला ढुंगणावर बसवून पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची. नीट टेकवली तर मेंढी हातपाय गाळून अशी पडून राहते की जणू दुपारची वामकुक्षीच चालली आहे.

आता यातली गोम अशी, की धरणारा वरून वाकलेला असतो आणि कापणारा खालून. दोन डोकी एका मेंढीवर. कापणाऱ्याचा श्वास धरणाऱ्याच्या कानाला लागतो. हे चिमट्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिचं लग्नच तसं जमलेलं.

तेव्हा ती वडिलांच्या घरी होती आणि हा नवखा खूरवाला पहिल्यांदाच आला होता. काळ्या तोंडाची मेंढी तिने धरली होती. ती मेंढी तिच्या हातात इतकी गप्प बसली की वडिलांनी वाकून तिचं पोट हलतंय ना ते पाहिलं. ते पाणी आणायला वळले आणि खाली मान घालून खूर कापणारा तो पोरगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "घाबरू नकोस राणी, मी आहे ना."

तेवढंच. मान वर केली नाही, पुढे काही बोलला नाही. पण चिमट्याने त्या एका वाक्यावर लग्न केलं. नंतर इतकी वर्षं शेजारी शेजारी काम केलं, पण तो पुन्हा कधी तसं म्हणाला नाही. दिवसच्या दिवस कात्रीचा आवाज सोडला तर शेडमध्ये चिडीचूप. तिने मनाची समजूत घातली होती. पुरुषाची जात, एकदा म्हटलं ते म्हटलं.

तिच्या जागी आली शिंपीण. समोरच राहायची. लोक तयार कपडे घ्यायला लागल्यापासून तिचं मशीन कोपऱ्यात धूळ खात होतं, आणि ती एकटी होती. हसरी बाई. चिमट्याला ताई म्हणायची, खूरवाल्याला भावजी. तोंडाने भावजी म्हणायला काय जातं, असं चिमट्याच्या मनात पहिल्याच दिवशी आलं.

"तूच शिकव तिला," नवरा म्हणाला. "तुझ्याइतकं कोणाला येतंय?"

आणि तिने शिकवलं. मनापासून शिकवलं, हे आधी सांगितलं पाहिजे. लोकर ओढायची नाही, तुझे केस कोणी ओढले तर तुला कसं वाटेल? शेळीला शिंगाला धरायचं नाही, तिला वाटतं भांडायला बोलावलंय. तिला उभीच भिंतीशी लावायची, गुडघ्याने अडवायची, हनुवटीखाली हात द्यायचा, पण गळा दाबायचा नाही. गाभण मेंढीला बसवायचं नाही, तिचे खूर उभ्या उभ्याच करायचे. शिंपीण एकेक ऐकून मान डोलवत होती.

मग पहिली मेंढी बसवायची वेळ आली. शिंपीण वाकली, खूरवाला खाली बसला. तिच्या केसांची एक बट सुटून त्याच्या कपाळाला लागली. त्याने ती माशी झटकावी तशी झटकली, पण शिंपिणीला हसू फुटलं. चिमट्याच्या पोटात असं काही दुखलं की प्लास्टरमधला हातसुद्धा त्यापुढे बरा.

"अशी धरू ना, ताई?" शिंपिणीने विचारलं. तिने मेंढी अगदी बरोबर मागे टेकवली होती. पहिल्याच खेपेला!

"अहं," चिमटा म्हणाली. "ताठ बसव. एकदम सरळ."

ताठ बसवलं की मेंढीचं सगळं वजन शेपटीच्या हाडावर येतं, मागचे पाय जमिनीला पोचतात, आणि पाय पोचले की ती उठायला बघणारच. फरक म्हणाल तर वीतभराचा. पण सगळी कला त्या वितेत होती, आणि ती वीत चिमट्याने स्वतःजवळ ठेवून घेतली.

खूरवाल्याच्या लक्षात आलं नाही का? नाही आलं. तो खुरांच्या वर कधी बघतच नसे. वर सगळं ठीक असतं, हे त्याने इतक्या वर्षांत गृहीतच धरलं होतं.

चिमट्याचा हिशेब सरळ होता. मेंढ्या उधळतील, शिंपीण कंटाळेल, पुन्हा मशीनवर जाऊन बसेल. पुढे काय, हा विचार तिने केलाच नाही. मत्सर पुढचं बघत नाही, त्याला समोरचंच फार दिसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसायची. त्या आठवड्यात त्या खिडकीची काच डाव्या हाताने इतक्या वेळा पुसली गेली, की येणारे-जाणारे तिच्या टापटिपीचं कौतुक करू लागले.

मेंढ्या उधळल्या, यात शंका नाही. पण शिंपीण कंटाळली नाही. लाथ खायची, हसायची, पुन्हा धरायची. आणि ती दोघं पूर्वीपेक्षा जास्त वेळ एका मेंढीवर वाकलेली दिसू लागली. चिमट्याच्या हाताखाली जी मेंढी चुटकीसरशी मोकळी व्हायची, तिला आता घटका घटका लागत होती. अन्न गोड लागेना. रात्री नवरा घोरत असताना ती त्याच्या कपाळाकडे बघत राहायची, जणू ती बट अजून तिथेच चिकटली होती.

एका सकाळी तिने खिडकी उघडली. घरात वाफ झाली होती, असं ती कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती. आणि शेडमधून तो आवाज आला. हळू, खालच्या पट्टीतला, इतक्या वर्षांनी.

"घाबरू नकोस राणी, मी आहे ना."

तिने कान दिला. मग पुन्हा एकदा. "राणी, मी आहे ना."

अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. हातातलं फडकं तसंच घेऊन ती मागच्या दारातून निघाली. काय काय बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं, त्यात शिंपिणीच्या मशीनपासून तिच्या हसण्यापर्यंत काही सुटलेलं नव्हतं. शेडचं दार तिने खांद्याने ढकललं.

आत शिंपिणीचं तोंड पार दुसरीकडे होतं. मेंढीने डोकं मारल्यामुळे तिचं नाक लाल झालं होतं आणि ती ते बाहीने पुसत होती. मेंढी सुटायला धडपडत होती. आणि खूरवाला त्या मेंढीच्या कानाशी तोंड नेऊन, बायको दारात उभी असताना, जराही न लाजता म्हणत होता, "घाबरू नकोस राणी, मी आहे ना. झालंच, झालंच."

"काय गं?" त्याने विचारलं. "काही हवंय?"

"फडकं," चिमटा म्हणाली. "फडकं हवंय का विचारायला आले होते."

शिंपिणीने ते आनंदाने घेतलं आणि नाक पुसलं.

परत येताना चिमट्याला आधी हायसं वाटलं. मेंढीला म्हणत होता! बाईला नाही, मेंढीला. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येईतो तिचा पाय अडला. मेंढीला म्हणतो. म्हणजे सगळ्याच मेंढ्यांना म्हणत असणार. म्हणजे तेव्हा, वडिलांच्या घरीसुद्धा...

ती स्टुलावर बसली, त्याच डुगडुगत्या. एका मेंढीला उद्देशून बोललेल्या वाक्यावर आपण सगळा संसार उभा केला. ती काळ्या तोंडाची मेंढी मरून कधीच माती झाली होती, आणि चिमट्याला आता तिचा हेवा वाटू लागला. शिंपिणीचा हेवा परवडला, तिच्याशी निदान भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी खूरवाला घरात आला तो घोगऱ्या आवाजात. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, कात्री सटकली होती.

"घसा बसला का?" तिने विचारलं.

"बसणार नाही तर काय. दिवसभर बोलावं लागतं."

"सगळ्यांशी तेच बोलता?"

"कोणाशी? मेंढ्यांशी? हलेल तिच्याशी काहीतरी बोलावंच लागतं. गप्प असेल तिला कशाला छेडायचं?" त्याने अंगठ्याची चिंधी घट्ट केली. "तुझ्या वेळी तोंड मिटून काम व्हायचं. सुख होतं. उद्या मोठा कळप येतोय, आणि मेंढ्या अशाच उधळल्या तर मालक दुसरीकडे घेऊन जाईल. जाईन म्हणालाच आहे. शिंपीण शिकेल हळूहळू. तू सांगितलंयस म्हणजे बरोबरच सांगितलं असशील."

ते शेवटचं वाक्य तिला लाथेसारखं लागलं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मेंढी ताठ बसते म्हणून हलते, हलते म्हणून हा तिला राणी म्हणतो, आणि आपण काच पुसत जळत बसतो. हे बंद करायचं तर एकच उपाय होता, आणि तो शिंपिणीच्या हातात द्यावा लागणार होता. आपली जागा तिला द्यायची, तीही चांगली पुसून. या विचाराने तिला रडू आलं. डाव्या हाताने कांदा चिरताना आलं, म्हणून कोणाला कळलं नाही.

सकाळी कळप आला. आवारात मेंढ्याच मेंढ्या, मालक कुंपणाला टेकून उभा. चिमटा प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून शेडमध्ये गेली. शिंपिणीने पहिली मेंढी नेमाने ताठ बसवली होती आणि मेंढी नेमाने पाय झाडत होती.

"मागे टेकव," चिमटा म्हणाली.

"आं?"

"वीतभर मागे घे. पाठ तुझ्या गुडघ्यांवर येऊ दे. एका कुशीवर जरा कलती कर. हं. आता डोकं बाजूला."

शिंपिणीने तसं केलं. मेंढीने एक सुस्कारा सोडला आणि चारही पाय गाळले. शेड एकदम शांत झाली.

"अगं बाई," शिंपीण म्हणाली. "पण ताई, पहिल्या दिवशी मी अशीच धरली होती. तुम्हीच म्हणालात ताठ बसव."

"हो."

"विसरला होतात?"

विसरले म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. ते तोंडावर आलंही होतं. पण शिंपिणीच्या पोटरीवर हाताएवढा निळा डाग होता आणि नवऱ्याच्या अंगठ्याला चिंधी होती.

"नाही," चिमटा म्हणाली. "मुद्दाम सांगितलं होतं. मला तू इथे नको होतीस."

शिंपिणीने मेंढी तशीच धरून ठेवली. तिचं हसू मावळलं होतं. खूरवाल्याची कात्री थांबली. तो मान खाली घालूनच बसला होता, मेंढीचा पाय हातात धरून. चिमटा वाट बघत उभी राहिली. आता हा वर बघेल, शेडमधून बाहेर हो म्हणेल, आणि म्हणाला तर ते बरोबरच असेल. जायला तिला दुसरी जागा नव्हती, आणि ही तर तिने आत्ताच देऊन टाकली होती.

कात्री पुन्हा सुरू झाली. खुराचा एक तुकडा जमिनीवर पडला, मग दुसरा. आणि मान वर न करता, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "घाबरू नकोस राणी, मी आहे ना."

शिंपिणीने आधी मेंढीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अहो भावजी, ही तर जराही हलत नाहीये. हिला कशाला सांगताय?"

 तो दुसरा पाय हातात घेत होता. चिमटा भिंतीला टेकली. वडिलांची ती काळ्या तोंडाची मेंढीही हलली नव्हती.