अठ्ठावीस काचा

“अम्मो मुतशर, सात झालं!” खालून परिचारिका शैमाने काकांना ओरडून सांगितलं आणि गच्चीवर मुतशरचा फडक्याचा हात आणखी भरभर चालू लागला.

खोलीचं तापमान आठ अंशांच्या वर गेलं की सगळं इन्सुलिन वाया. बसऱ्याच्या त्या दवाखान्यातली थंड खोली उन्हावरच चालायची. गच्चीवरच्या अठ्ठावीस काचांखाली पाणी तापायचं आणि त्याच्या जोरावर खालचं यंत्र गारवा करायचं. आज सकाळच्या वादळाने काचांवर धुळीचा जाड थर चढवला होता. ऊन डोक्यावर आग ओकत होतं, पण पाण्यापर्यंत पोचत नव्हतं. शहराची वीज तर कालपासूनच गेलेली.

“पाण्याची नळी मार की!” जिन्यातून डॉक्टर म्हणाले. “फडक्याने काय कुरवाळत बसलायस?”

“तापल्यात, गार पाण्याने तडकतील, डॉक्टर.”

त्याला माहीत होतं, कारण एकदा त्यानेच तडकवल्या होत्या. संध्याकाळी तापलेल्या गच्चीवर पाणी शिंपडायचं आणि मग अंथरुणं घालायची, हे बसऱ्यातलं पोर चालायला लागलं की शिकतं. इथे कामाला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यानेही सवयीने काचांवर बादली शिंपडली होती. नऊ काचा एकामागोमाग गेल्या. लसींची खोकी फेकावी लागली. कुणी त्याला बोललं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

तो कोरडंच पुसत राहिला. लोखंडी चौकटी तळव्यांना चटके देत होत्या. अकरा काचा झाल्या. खालच्या खोलीत त्याच्या बायकोच्या, फखरियाच्या, महिनाभराच्या इन्सुलिनच्या बाटल्याही होत्या.

“साडेसात!”

जिन्यावर पावलं वाजली. फखरियाच होती, हातात भरलेली बादली. मुलाच्या नावाने नेहमीची हाक मारत ती म्हणाली, “अहो अबू नईम, हात बघा किती भाजलेत! सरा, मी काचांवर शिंपडते जरा...”

“खाली ठेव ती!” तो किंचाळला. तीस वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. तिने घाबरून बादली ठेवली.

“फुटतील गं,” तो कसाबसा म्हणाला. “मला भीती वाटते. तुझं औषध आहे खाली.”

फखरियाने अंगावरची लांब काळी अबाया कमरेला खोचली आणि तिचं टोक हातात धरलं. “मग नीट सांगावं की माणसाने! अंगावर कुत्रं आल्यासारखे काय ओरडता? ही रांग माझी.”

दोघं पुसत राहिली. बराच वेळ खालून आवाजच आला नाही.

शेवटची काच झाली, तेव्हा शैमा ओरडली, “अम्मो! उतरलं! सातवर आलं!”

मुतशरने फडकं खाली टाकलं. फखरियाने बादली गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली आणि त्याला तिकडे बोलावलं. ती त्याच्या तळव्यांवर हळूहळू पाणी सोडू लागली. खाली सांडलेला एक ओघळ काचांच्या दिशेने निघाला. काचा वीस पावलं लांब होत्या, तरी त्याने घाईने पाय आडवा घातला.