सात जणींचं बाक

डॅन्यूब नदीकाठच्या व्हिडिन गावातल्या महिला हक्क संघटनेत सात सदस्या आहेत, असं झ्द्राव्का इल्चेवा गेली चार वर्षं फॉर्मवर लिहीत होती. खरं तर संघटनेत ती एकटीच उरली होती. अध्यक्षही तीच, सचिवही तीच आणि बैठकीचा चहा करून पिणारीही तीच. बाकीच्या तिच्याच हट्टापायी गेल्या. अकरा वर्षं खुर्ची सोडली नाही, तर दुसरं काय होणार? पण युरोपभरच्या संघटनांच्या यादीतून आपल्या गावाचं नाव पुसायचं, हे तिच्या जिवाला मानवेना.

शनिवारी ऑस्ट्रियातून, ग्रात्सच्या संघटनेचा निरोप आला. मिलेना नावाची व्हिडिनचीच मुलगी. नवऱ्याने तिला तिकडे हाडं मोडेस्तोवर मारलं होतं. तिथल्या कोर्टाने त्याला तिच्याजवळ फिरकायची मनाई केली, तर हा इथे येऊन तिच्या आईच्या दारात बसला. तीच मनाई इथेही लागू व्हावी म्हणून सोमवारी नऊला सुनावणी होती. ग्रात्सच्या बायका मिलेनाला बुडापेस्टपर्यंत आणणार, तिथल्या बायका पुढे रुमानियापर्यंत आणि रुमानियाच्या बायका डॅन्यूबच्या पुलापर्यंत. खाली लिहिलं होतं, 'त्याचं सगळं गोत कोर्टात येणार. तुम्ही सात जणी मागच्या बाकावर असाल, एवढ्याच भरवशावर ती येते आहे.'

झ्द्राव्काच्या तोंडचं पाणी पळालं. तशीच उठून ती पेन्काच्या दारी गेली. सगळ्यात आधी भांडून बाहेर पडलेली हीच.

"या, अध्यक्षबाई. वाट सापडली म्हणायची," चीज भरून भाजायच्या बानित्साच्या पातळ पोळ्या लाटता लाटता पेन्का म्हणाली.

"पेन्का, चार वर्षं मी खोटं लिहिलं."

"ठाऊक आहे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

झ्द्राव्काने मिलेनाचं सगळं सांगितलं. "खुर्ची तू घे. पण सोमवारी ये."

"खुर्ची घाल चुलीत," पेन्काने हात पुसले. "किती वाजता निघायचं ते सांग."

सोमवारी सकाळी सातला पुलापाशी चौघी उभ्या होत्या. पेन्काने आणखी दोघींना घरातून ओढून आणलं होतं. पलीकडून एक जुनी गाडी आली. मिलेनासोबत तिघी उतरल्या: रुमानियाच्या संघटनेची आउरिका, तिची तिथलीच जोडीदारीण आणि परत फिरायला साफ नकार दिलेली बुडापेस्टची एक म्हातारी.

झ्द्राव्काने आउरिकाला बाजूला घेतलं आणि मोडक्यातोडक्या रशियनमध्ये कबूल केलं, "आम्ही सात नाही. चारच आहोत."

आउरिका खो खो हसली. "आम्ही फॉर्मवर बारा लिहितो, ताई. आहोत दोघीच. चला, बाक भरू."

कोर्टातलं बाक सहा जणींचं होतं. झ्द्राव्का अगदी कडेला, अर्धी हवेत बसली. पुढच्या रांगांत नवऱ्याचे काके-मामे मिशांना पीळ देत होते. न्यायाधीशबाईंनी नाव पुकारलं, तशी मिलेना उठली. तिने मागे वळून पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. सातव्या चेहऱ्यावर तिची नजर थांबली. मग ती पुढे वळली आणि एकदाही न अडखळता बोलली. अकरा वर्षं खुर्चीत बसून झ्द्राव्काचा ऊर कधी इतका भरून आला नव्हता.

दुपारच्या आत मनाईचा कागद मिलेनाच्या हातात पडला. पायरीवर पेन्काची बानित्सा सगळ्यांनी वाटून खाल्ली.

"यंदा फॉर्मवर किती लिहिणार?" आउरिकाने डोळा मिचकावला.

"चार," झ्द्राव्का ताठ मानेने म्हणाली.

"पाच लिहा," मिलेना म्हणाली.