पेजेची किटली

भात गंजातच, म्हणजे उघड्या पातेल्यातच, शिजला पाहिजे, हा त्या घरचा कायदा होता. तो कोणी केला हे कोणालाच आठवत नव्हते. पाळावा मात्र रंजिताला लागे, आणि तोही पहाटेच्या अंधारात, एकुलत्या चालू शेगडीसमोर उभे राहून.

कायद्यामागे कारण होते. तिचे सासरे लक्ष्मणराव आंधळगावातल्या जुन्या विणकरांपैकी. गावाच्या टोकाला, विणकर सोसायटीच्या शेडमध्ये, त्यांचा हातमाग होता. मागावर चढण्याआधी सुताला खळ द्यावी लागते, म्हणजे ते ताठ होते आणि तुटत नाही. आणि ही खळ घरच्या भाताच्या पेजेचीच हवी. बाजारच्या पिठाने धागा रुसतो, असे लक्ष्मणराव म्हणत. म्हणून भात भरपूर पाण्यात उकळायचा, शीत चेपून पाहायचे, झाकण दाबून पेज निथळायची, किटलीत भरायची, आणि मग मोकळ्या झालेल्या शेगडीवर डाळ चढवायची. डाळीला पहिला कढ येईतो भंडाऱ्याची पहिली गाडी चौकात येऊन भोंगा वाजवत असे.

कुकर नव्हता असे नाही. पहिल्याच पगारातून तिने तीन डब्यांचा कुकर आणला होता: खाली लाखोरीची डाळ, मध्ये तांदूळ, वर चिरलेली वांगी. एका आचेवर सगळ्या घराचे जेवण. भंडाऱ्याच्या ज्या खाजगी दवाखान्यात ती नोंदणीच्या खिडकीवर बसे, तिथली तिची सोबतीण स्वाती रोज असेच रांधायची. तिचे सिलिंडर लवकर संपत नसे आणि तिची गाडीही कधी चुकत नसे. रंजिताचा कुकर मात्र फळीवर बसून होता. दसऱ्याला घरातल्या अवजारांसोबत त्याला हळदकुंकू लागे, आणि पुन्हा वर्षभर तो काळोखात आपल्या चकचकीत पोटात तिचा चेहरा वाकडा करून दाखवत राही.

"कुकरच्या भाताले पेज येते का वो?" सासूबाई दुर्गाबाई विचारत.

"आई, मी रातीच कणकी उकळून पेज काढून ठेवीन ना. तुटके तांदूळ, स्वस्तातले. त्यात काय बिघडते?"

"रातची पेज आंबते. आंबट खळीनं सूत सडते. तू धानवाल्याच्या घरची, तुले मागातलं काय समजणार? आमच्या घरची चूल मागाले बांधली हाय, बाई."

धानवाल्याच्या घरची रंजिता मग गप्प होई. माग म्हणजे घरची लक्ष्मी, तिच्यासमोर आपल्या गाडीचे काय? असे ती स्वतःला समजावी आणि झाकण दाबून धरी. वाफेने मनगटाशी उमटलेली लाल रेघ बांगड्यांखाली झाकून जाई.

त्या दिवशी तांदूळ जुना निघाला. शिजता शिजेना. ती चौकात धापा टाकत पोचली तेव्हा गाडीची लाल पाठ वळणापलीकडे विरघळत होती. दोनदा उशीर झाल्यावर व्यवस्थापकांनी तिला बजावले होते, की आता आणखी एकदा झाले तर खिडकीवर दुसरी बाई बसेल. तिने स्वातीला फोन लावला.

"आज सांगून देतो मी, पोटात दुखून राहिलं म्हणून," स्वाती म्हणाली. "पण उद्या नाही हं रंजू. सायबानं दुसरीले बोलावूनही ठेवलं हाय. उद्या वेळेवर ये, बस्स."

चौकातल्या बाकावर बराच वेळ बसून ती परत आली तेव्हा घरात कोणी नव्हते. ओट्यावर किटली होती. लक्ष्मणराव ती विसरून गेले होते.  ज्या पेजेपायी आजची गाडी गेली आणि कदाचित नोकरीही जाणार, ती पेज इथे निवांत साय धरत बसली होती! निदान ही तरी जागेवर पोचू दे, असे म्हणून तिने किटली उचलली आणि भर उन्हात शेडची वाट धरली.

तिथे ती आजवर कधी गेली नव्हती. सकाळी तिला गाडी, संध्याकाळी चूल, आणि रविवारी माग बंद असतो असे तिला सांगितलेले. वाटेत ती कान देऊन होती. माग चालत असला की खटखट लांबवर ऐकू येते म्हणतात. ऐकू आला तो एका म्हशीचा हंबरडा.

शेडच्या दाराशी सासऱ्यांचे मित्र टिकाराम बसले होते. तिच्या हातातली किटली दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

"आणा, आणा सूनबाई! केव्हाची वाट पाहून राहिली बिचारी. लक्ष्मण विसरला वाटते आज."

"कोण वाट पाहून राहिलं?"

"हे काय." टिकारामांनी सहज खुंटीला बांधलेल्या म्हशीकडे बोट दाखवले. "पेज पेल्याबिगर पान्हाच सोडत नाही. सवय लागली ना आता तिले."

रंजिताने आत पाहिले. मागावर कोळ्याने आपला ताणा लावला होता, आडवा-उभा, कोणाच्याही खळीवाचून. खड्ड्यात, जिथे विणकराचे पाय असायचे, तिथे कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. पलीकडे चटईवर लक्ष्मणराव पत्ते पिसत होते. सूनबाई दारात उभी आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. कळले तेव्हा पत्ते हातातच राहिले.

"मामाजी, माग केव्हापासून बंद हाय?"

 उत्तर टिकारामांनी दिले, तेही चाचरत, "मागच्या दिवाळीच्याही आधी सूत येनं बंद झालं, सूनबाई. तुमाले... मालूम नव्हतं का?"

तिने किटली उंबऱ्यावर ठेवली. ती फेकून द्यावी, साऱ्या शेडभर ती पांढरी, चिकट सकाळ सांडून द्यावी, असे तिच्या हातांना वाटत होते. पण हातांना सांडण्याची सवय नव्हती. ती मागे वळली. मागून पेज ओतल्याचा आवाज आला, आणि मग म्हशीचे चुरूचुरू पिणे ऐकू येत राहिले.

संध्याकाळी तिचा नवरा हेमराज मोबाइलचे दुकान बंद करून, वाटेत आळीतच सगळे ऐकून आला आणि बूट काढतानाच म्हणाला, "एवढं कायले मनावर घेते? बाबाच्या मानाची गोष्ट होती."

म्हणजे यालाही माहीत होते.

"तुमाले मालूम होतं? आणि तुम्ही सकाळी लोळून राहत होते, मी गंज धरून उभी राहत होती, तवाही मालूम होतं?"

"अवो, हळू बोल. शेजारी ऐकतीन."

"ऐकू द्या! म्हशीलेही मालूम होतं, टिकारामजीले मालूम होतं. अख्ख्या आळीत नोकरीवाली शहाणी मी एकटीच येडी निघाली."

दुर्गाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुडघे चोळत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मीच म्हटलं, सांगू नोका. किटली हाती असली की ते घराभायेर निघतेत. विणकरावानी निघतेत. पेज बंद झाली असती त खाटेवरून उठले नसते, बाई."

 हे खोटे नव्हते. दिवस उजाडताच किटली घेऊन ताठ मानेने निघालेले लक्ष्मणराव तिला आठवले. पण संताप जिथल्या तिथे होता, तळाशी लागलेल्या भातासारखा.

"मंग मले सांगाचं होतं, आई. मामाजीसाठी पेज पाहिजे, असं म्हणाचं होतं. मी नाही म्हटलं असतं का? मागतलं असतं त मी खुशीनं दिलं असतं. तुम्ही मागतलं नाही. नुसतं घेतलं. माझी झोप घेतली, माझी गाडी घेतली, आणि म्हशीले पाजली."

दारात लक्ष्मणराव येऊन उभे होते. हातात रिकामी किटली होती. त्यांनी ती नेहमीच्या जागी, ओट्यावर ठेवली नाही. चपलांशेजारी जमिनीवर ठेवली.  तिने कणकीत मूठभर डाळ आणि मिरच्या टाकून खिचडी केली, तीही गंजातच. सगळ्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या पहाटे फळीवरून कुकर उतरला. त्याच्या कपाळावरचे दसऱ्याचे कुंकू तिने ओल्या फडक्याने पुसले. खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर वांगी. झाकण बसले आणि रंजिता ओट्याला टेकून, हात मोकळे सोडून उभी राहिली. मोकळ्या हातांचे काय करायचे ते तिला कळेना.

शिट्टीने घर दचकले. हेमराज डोळे चोळत आला. "आणि बाबाची किटली?"

"कणकी डब्यात हाय, गंज तिथं हाय. मी गेल्यावर शेगडी रिकामीच हाय."

"बाबाले चुलीपुढं उभं करतेस?"

"मी उभी होती तवा तुमाले काही वाटलं नाही."

तो तोंड उघडणार तोच त्याच्या मागून लक्ष्मणराव स्वयंपाकघरात आले. ते कधीच इथे येत नसत. चपलांशेजारची किटली त्यांच्या हातात होती. त्यांनी डब्यातून दोन मुठी कणकी गंजात घेतली आणि तिच्याकडे न पाहता विचारले, "पानी किती टाकतेस वो?"

या माणसाने जन्मभर पेज वापरली होती, आणि ती किती पाण्यात होते हे त्याला ठाऊक नव्हते. रंजिताला हसू यायला हवे होते, आले नाही.

"बोटाची दोन पेरं वरून," ती म्हणाली. "आणि झाकण दाबताना हाताले फडकं घ्या. भाजते."

तिने डबा भरला आणि निघाली. चौकात पोचली तेव्हा गाडी यायची होती. धान्याच्या दुकानांची दारे अजून लोटलेलीच होती. आभाळ कच्च्या सुतासारखे, अजून न रंगवलेले. ती बाकावर बसली. राग उतरला नव्हता, आणि तो इतक्यात उतरावा असे तिला वाटतही नव्हते. गाडीला अवकाश होता आणि तेवढा वेळ करायला काहीच नव्हते. मांडीवरचा डबा हातांना ऊब देत होता.

वळणावर दिवे दिसले तेव्हा ती सावकाश उठली.